जुळेमास्तर आणि कादरभाईचा वाय

आमच्या गावात इंग्रजी अर्जांना शिंगं फुटत. अर्जाच्या सुरुवातीला 'डिअर सर' असं लिहिलेलं असायचं, आणि त्या 'डिअर'च्या डोक्यावर तांबड्या पेन्सिलीनं काढलेली, चांगली फाटे फुटलेली, वळणदार शिंगं असायची. अर्ज आणणारा शेतकरी बिचकायचा. मग कचेरीच्या आवारात चिंचेखाली बसलेले मास्तर त्याला शांतपणे समजावून सांगत, की प्रिय या अर्थाचा डिअर डी-ई-ए-आर असा असतो आणि हरीण या अर्थाचा डिअर डी-ई-ई-आर असा. तुझ्या अर्जनवीसानं साहेबाला हरीण केलं आहे, आणि हरीण म्हटलं की शिंगं आलीच. शिंगवाला कागद आत न्यायची कोणाची छाती होत नसे. तो बिचारा पुन्हा अर्जनवीसाकडे जाई, अर्जनवीस मास्तरांच्या नावानं पुटपुटत दुसरा कागद घेई, आणि चिंचेखाली मास्तर पेन्सिलीला टोक काढत पुढच्या हरणाची वाट बघत बसत.

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं, मेहकरच्या रस्त्यावरचं, एवढं पुरे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, कारभार नागपुराहून चालायचा आणि वर जाणारा प्रत्येक कागद इंग्रजीत लागायचा. नाव न सांगण्याचं कारण असं की पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, गावाची नाही.

मास्तरांचं नाव त्र्यंबकराव. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. उंच, किडकिडीत, डावा खांदा जरा उतरलेला. वैशाखातही अंगात काळा कोट, डोक्यावर गुलाबी फेटा. सकाळी कचेरी उघडायच्या आधी ते चिंचेखाली हजर असत आणि बंद झाल्यावरच उठत. कोणी बोलावलेलं नव्हतं, पगार नव्हता. कागद तपासून देत आणि त्याबद्दल काही घेत नसत. फक्त एक जोडी ऐकून घ्यावी लागायची. ती ऐकण्यापेक्षा त्यांनी फी लावली असती तर बरं झालं असतं, असं बरेच जण म्हणत.

जोडी म्हणजे एका उच्चाराचे दोन इंग्रजी शब्द. कानाला एक, कागदावर दोन, आणि अर्थ तर एकमेकांच्या वाटेलाही न जाणारे. मास्तर त्यांना जुळी म्हणत. त्यांच्याजवळ एक जाड वही होती. मधोमध तांबडी रेघ, डावीकडे एक भावंड, उजवीकडे दुसरं. नवीन जोडी सापडली की ते आनंदानं उभे राहत आणि समोर जो असेल त्याला सांगत, "आज जुळं झालं." नव्या माणसाला वाटे घरी काही झालं असेल. तो अभिनंदन करी, पेढे मागे. मास्तर म्हणत, "दोघंही सुखरूप आहेत," आणि स्पेलिंग सांगत.

त्यावरून गावानं त्यांना जुळेमास्तर केलं. हे नाव इतकं पसरलं की एकदा शेजारच्या खेड्यातली एक बाई दोन काखेत दोन तान्ही लेकरं घेऊन चिंचेखाली आली. जुळ्यांचे मोठे जाणकार इथं बसतात असं तिनं ऐकलं होतं. आम्ही सगळे कचेरीच्या खिडक्यांतून बघत होतो. मास्तर जराही गडबडले नाहीत. त्यांनी दोघांच्याही डोक्यावर हात ठेवला, नावं विचारली, आणि तिला एकच सांगितलं, "माय, या दोघाइले कधी एका नावानं हाक मारू नोको. एकाचं ऐकू येते अन् दुसऱ्याचं करून बसतो आपण." बाईनं पाया पडून उपदेश घेतला. ती मुलं पुढे चांगली निघाली, आणि दर वर्षी ती बाई मास्तरांना बोरं आणून देत असे.

"कान भोळा आहे बाबू, डोळ्याले विचार." हे त्यांचं पालुपद. पत्र वाचताना म्हणत, बाजारात म्हणत, कोणी कोणाची चुगली सांगायला लागला तरी म्हणत. कानावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचं कधी भलं होत नाही, हा त्यांचा सिद्धान्त होता आणि त्याला ते एक गोष्ट सांगत. ती मी त्यांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकली असेल, पण गोष्ट खरी होती. त्यांच्या शाळेतल्या जुन्या शिपायानं मला तसं शपथेवर सांगितलं होतं.

शाळेनं मुंबईहून कागद, टाक, शाईच्या पुड्या असा माल मागवला होता. पेटी रेल्वेनं आली आणि लहानशा स्टेशनावर उतरली. पाठवणाऱ्यानं पेटीवर मोठ्या अक्षरांत 'स्टेशनरी' असं रंगवलं होतं, पण शेवटून तिसऱ्या अक्षराला 'ई' हवा तिथं 'ए' घातला होता. ई घातला तर लिहिण्याचं सामान, ए घातला तर जागचं न हलणारं. पार्सलबाबू नवा होता आणि इंग्रजीत पक्का होता. त्यानं पेटीवरचं वाचलं आणि हुकूम समजून पाळला. दोन महिने ती पेटी फलाटावर उभी. शेगावला जाणारे भाविक तिच्यावर बसून भाकरी खात, बकऱ्या तिच्यावर चढत. इकडे शाळेत पोरं पाट्यांवर परीक्षा देत होती आणि हेडमास्तर पत्रांमागून पत्रं पाठवत होते. शेवटी मास्तर स्वतः बैलगाडी घेऊन गेले. पार्सलबाबूनं त्यांना अभिमानानं सांगितलं की एवढ्या दिवसांत एक इंचही हलू दिली नाही. मास्तरांनी त्याला मिठी मारली. ते म्हणत, "साऱ्या जिल्ह्यात स्पेलिंग वाचणारा तो एकटा माणूस मले भेटला."

माझी त्यांची ओळख रजेच्या अर्जावरून झाली. मी पिंपळगाव राजाचा, नुकता मॅट्रिक झालेला, नझूलच्या कचेरीत, म्हणजे गावातल्या सरकारी जागांच्या कचेरीत, नक्कलनवीस म्हणून लागलो होतो. हिवतापानं अंग मोडून आलं होतं. अशक्त झालो आहे, रजा द्यावी, असं मी लिहिलं. अशक्त या अर्थाच्या 'वीक'मध्ये ई आणि ए लागतात. मी दोन ई घातले. मास्तरांनी अर्ज वाचला, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तू लय आठवडा झाला म्हणतोस. सोमवारपासून झाला का रविवारपासून?"

ताप असूनही मला हसू आलं. तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसू लागलो. मास्तर बोलत आणि मी भाकरी खात ऐके. खरं सांगायचं तर मनात म्हणे, म्हातारा गमतीचा आहे, पण या स्पेलिंगांनी कोणाचं काय अडतं?

मग कादरभाईचं प्रकरण झालं.

शेख कादर गावचा रंगारी. नदीच्या काठी सरकारी जागेवर त्याचे तीन हौद होते. बापानं बांधलेले, त्यानं वाढवलेले. पंचक्रोशीत लग्न असो, नवरदेवाचा फेटा कादरभाईच्या हौदातून निघायचा. नवरीचं लुगडं, मुलीची ओढणी, उरुसाची चादर, देवाच्या पालखीवरचं वस्त्र, सगळं तिथलंच. मास्तरांचा गुलाबी फेटाही तिथलाच. त्या जागेचा पट्टा संपत आला होता आणि तो पुढे चालू करायचा होता. साधी गोष्ट. इन्स्पेक्टर येऊन जागा पाहून गेले, पट्टा द्यावा अशी शिफारस करून त्यांनी अहवाल लिहिला, आणि त्याची स्वच्छ नक्कल वर पाठवायचं काम माझ्याकडे आलं.

इन्स्पेक्टरांचं अक्षर म्हणजे शेणकुटावर चाललेल्या कोंबडीचे पाय. ते फक्त आमच्या कचेरीतल्या वामनबाबूंना लागायचं. म्हणून वामनबाबूंनी मोठ्यानं वाचायचं आणि मी लिहायचं अशी आमची रीत होती. रंगवणे या अर्थाचा इंग्रजी शब्द 'डाय', डी-वाय-ई. मरणे या अर्थाचाही 'डाय', पण डी-आय-ई. वामनबाबू खणखणीत आवाजात 'डाइज', 'डाइड' म्हणत गेले आणि माझ्या कानाला त्यातला एकच माहीत होता. मी अहवालभर सगळ्यांना मारत गेलो. कापड हा शब्द इन्स्पेक्टरांनी एकदाही वापरला नव्हता. रंगारी म्हटल्यावर कापड आलंच, असं त्यांना वाटलं असणार. आणि रंगारी हा आपला शब्द त्यांनी तसाच ठेवला होता, तो वरच्या साहेबाला आडनाव वाटला.

वर नवीन गोरा साहेब आला होता. तरुण, कामसू, प्रत्येक कागद स्वतः वाचणारा. त्यानं माझ्या सुंदर अक्षरात जे वाचलं ते असं होतं: शेख कादर हा या जागेवर तीस वर्षं मरत आहे. त्याचा बापही इथंच मेला. रोज वीस ते तीस मरतात, लग्नसराईत हा आकडा पन्नासावर जातो. चांगल्या घराण्यातल्या बायका इथंच मरणं पसंत करतात. हे काम उकळत्या पाण्याच्या तीन हौदांत केलं जातं. आणि खाली शिफारस, की सदर काम लोकांच्या सोयीचं असल्यामुळे पुढेही चालू राहू द्यावं.

व्याकरण त्याला थोडं लंगडं वाटलं असेल, पण देशी कारकुनाचं इंग्रजी म्हणून त्यानं ते चालवून घेतलं. पंधरवड्यात हुकूम आला. जागा आरोग्यास घातक, पट्टा नामंजूर, हौद आठ दिवसांत मातीनं बुजवावेत, दारोगानं चौकशी करावी आणि तोवर आरोग्य खात्यानं जागा शुद्ध करावी.

आम्हाला आला तो मराठीतला चार ओळींचा हुकूम. त्यात कारण एवढंच होतं, की जागा घातक. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचा माणूस येऊन तिन्ही हौदांत चुना टाकून गेला. निळीला चुना मानवतोच, त्यामुळे त्या दिवशी निळा रंग असा काही उतरला की कादरभाईचा मुलगा आणखी चुना मिळेल का विचारायला त्याच्यामागे धावला. दारोगा येऊन हौदात काठी घालून बघून गेला आणि कादरभाईला विचारता झाला, की तू ती कुठं ठेवतोस? कादरभाईनं दोरीवर वाळत घातलेली लुगडी दाखवली. दारोगा डोकं खाजवत परत गेला.

हसण्यासारखं एवढंच होतं. आठ दिवसांतले तीन गेले आणि कादरभाई मास्तरांकडे आला. मी भाकरी सोडून बसलो होतो. कोपरापर्यंत निळे-तांबडे झालेले दोन्ही हात त्यानं पुढे धरले आणि म्हणाला, "मास्तरसाब, माहा गुन्हा काय जी? जागा दुसरी देतो म्हणतात. पण पानी बदललं त रंग बदलते. माह्या बापाचा गुलाबी दुसऱ्या पान्यात नाही निघत."

मास्तरांनी त्याला बसवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, की वर गेलेल्या कागदाची दुसरी प्रत कचेरीत असेल का. ती माझ्याच कपाटात होती. मी आणून दिली. मास्तर वाचू लागले आणि दुसऱ्याच ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ते तसंच खाली सरकत गेलं, थांबत थांबत. चेहरा आधी उतरला. मग मी तो उजळताना पाहिला. वही त्यांनी मांडीवर मिटून ठेवली.

"तीस वरसं मी पोट्ट्याइले सांगून राह्यलो का जुळ्यात माणूस मरते," ते हलक्या आवाजात म्हणाले. "हसत होते सारे. हे पाह्य, मेला."

त्यांनी मला स्पेलिंग समजावून सांगितलं तेव्हा मी काय करून बसलो होतो ते मला कळलं. अक्षर कोणाचं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते ओळखू येत होतंच. मीच सांगितलं, की माझं आहे. कादरभाई माझ्याकडे बघत राहिला. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, की बेटा, माझा धाकटाही तुझ्याएवढाच आहे.

दोन दिवसांनी साहेबाचा दौरा होता. गावाबाहेरच्या आंबराईत तंबू पडणार होते. मास्तरांनी ठरवलं, की तिथंच जायचं. मग मला म्हणाले, की मूळ अहवाल दाखवल्याशिवाय साहेबाची खात्री पटणार नाही, आणि तो कचेरीचा माणूसच दाखवू शकतो. जो दाखवेल त्याला नक्कल कोणी केली तेही सांगावं लागेल. नोकरी जाऊ शकते. "येशील का?" त्यांनी विचारलं. जबरदस्ती नव्हती. मी घरी आईला काय सांगायचं याचा विचार केला, कादरभाईच्या हातांकडे पाहिलं आणि हो म्हणालो.

त्या सकाळी आम्ही तिघं आंबराईत गेलो. मागून अर्धं गाव आलं. कादरभाईनं मास्तरांच्या सांगण्यावरून रंगाचं एक पातेलं आणि पांढरं फडकं बरोबर घेतलं होतं. मास्तरांचा कोट इस्त्रीचा होता, फेट्याला ताजी खळ होती. साहेब टेबलाशी बसला होता, बाजूला दारोगा, मागे पट्टेवाले. मास्तरांनी लवून नमस्कार केला आणि तीस वर्षं मुलांसमोर जे इंग्रजी बोलले त्याच सावकाश, ठसठशीत इंग्रजीत सांगितलं, की ज्या माणसाच्या मृत्यूची नोंद सरकारदरबारी झाली आहे त्याला आपण भेटीला घेऊन आलो आहोत.

साहेबानं कादरभाईकडे पाहिलं. कादरभाईनं सलाम केला.

मास्तरांनी खूण केली. कादरभाईनं फडकं पातेल्यात बुडवलं, दोन वेळा वरखाली केलं, पिळलं आणि झटकून उघडलं. आंबराईच्या हिरव्या सावलीत तो गुलाबी रंग असा उजळला की मागे उभ्या बायकांच्या तोंडून आवाज निघाला. मास्तर म्हणाले, "सर, धिस मॅन डाइज एव्हरी डे, अँड सपोर्ट्स अ फॅमिली ऑफ नाइन." हा माणूस रोज डाइज, आणि नऊ माणसांचं कुटुंब पोसतो.

साहेबानं नक्कल ओढून घेतली, मी पुढे केलेला मूळ अहवाल तिच्याशेजारी ठेवला, आणि इन्स्पेक्टरांच्या कोंबडीच्या पायांतून एकेक वाय शोधू लागला. चांगल्या घरच्या बायकांपर्यंत आला तेव्हा त्यानं तोंडावर रुमाल धरला. तीन हौदांवर आला तेव्हा रुमालाचा उपयोग उरला नाही. गोरा साहेब इतका हसताना आम्ही कोणी पाहिला नव्हता. पट्टेवाल्यांना हसावं की नाही कळेना. दारोगाला उशिरा कळलं, पण तोही हसला.

हसणं संपल्यावर साहेबानं डोळे पुसत विचारलं, की ही नक्कल कोणाची. मी पुढे झालो. मी काही बोलण्याआधी मास्तर म्हणाले, की या तरुणानं ऐकलं ते बरोबर लिहिलं, एक अक्षर चुकीचं ऐकलं नाही. दोन वेगळ्या गोष्टींना एकच आवाज देऊन ठेवला तो ज्यांनी, त्यांचं मूळ गाव विलायतेत आहे, आणि त्यांच्यावर कारवाई करायची झाली तर साहेबांनाच सोयीचं पडेल. मी डोळे मिटले. पण साहेब पुन्हा हसायला लागला. म्हणाला, की शाळेत असताना याच दोन शब्दांसाठी आपण छडी खाल्ली आहे. मला त्यानं एवढीच ताकीद दिली, की यापुढे बघून लिहीत जा.

मग त्यानं टाक उचलला आणि हुकमावर स्वतःच्या हातानं नवा हुकूम लिहिला. पट्टा मंजूर. सही केली, कागद मास्तरांच्या हातात दिला. मागे लोकांनी टाळ्या वाजवल्या. कादरभाईनं आकाशाकडे हात केले. मी म्हटलं, चला, सुटलो.

मास्तर जागचे हलले नाहीत. ते कागद वाचत होते. त्यांचा हात हळूहळू कोटाच्या खिशाकडे गेला, जिथं तांबडी पेन्सिल असे. मी खांद्यावरून डोकावलो. परवानगी दिली या अर्थाचा शब्द 'अलाउड', त्यात दोन एल आणि डब्ल्यू. साहेबानं हसण्याच्या भरात मोठ्यानं या अर्थाचा 'अलाउड' लिहिला होता, एक एल आणि यू घालून. कादरला जागा वापरण्यास मोठ्यानं देण्यात येत आहे, असा तो हुकूम होता.

मी त्यांचा कोट ओढला. कादरभाईनं कुजबुजत विचारलं काय झालं, मी सांगितलं, तर तो म्हणाला, की मास्तरसाब, जाऊ द्या, मोठ्यानं तर मोठ्यानं, मी ओरडून रंगवीन. दारोगानंही डोळ्यांनी नको नको केलं. पण मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. हा कागद असाच पुढच्या कचेरीत गेला आणि तिथं दुसरा कोणी वाचणारा निघाला तर? कादरभाईच्या मानेवर पुन्हा एक अक्षर टांगलेलं राहणार होतं. त्यांनी पेन्सिल बाहेर काढली, पण कागदाला लावली नाही. दोन्ही हातांनी कागद आणि पेन्सिल साहेबापुढे धरली आणि म्हणाले, "सर, विथ युअर परमिशन. वन मोअर पेअर ऑफ ट्विन्स."

साहेबानं ओळ वाचली. कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत तांबडा झाला. मग मास्तरांच्या हातातली पेन्सिल घेऊन त्यानं शब्द खोडला, नीट लिहिला, बाजूला पुन्हा सही केली. आणि उठून उभा राहिला, टेबलाला वळसा घालून आला आणि साऱ्या गावादेखत मास्तरांशी हस्तांदोलन केलं.

गावात आम्ही परतलो ते मिरवणुकीनंच. अर्जनवीस पुढे होते. आपल्यालाही साहेबाला हरीण करू न देणारा माणूस, म्हणून त्यांनीच मास्तरांच्या गळ्यात हार घातला. कादरभाईनं आनंदाच्या भरात ज्याच्या खांद्यावर पांढरं उपरणं दिसेल ते काढून हौदात बुडवायला सुरुवात केली. वामनबाबूंचं धोतरही थोडक्यात वाचलं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाचे खांदे गुलाबी होते. पारावर मास्तरांचं भाषण ठरलं, चहा ठेवला गेला.

पण मास्तर कुठं दिसेनात. चहाच्या गडबडीत ते गर्दीतून निसटले होते. त्यांना बोलवायला मला पाठवलं. गावाच्या टोकाला त्यांचं घर होतं. त्यांच्याकडे कोणी गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मास्तरीणबाई कोणात मिसळत नाहीत, गर्विष्ठ आहेत, असं बायका म्हणत.

दार उघडं होतं. अंगणात मास्तरीणबाई पाठमोऱ्या बसून अंबाडीची भाजी निवडत होत्या. मास्तर नुकतेच पोचले असावेत. त्यांनी हाक मारली नाही. वळसा घालून ते त्यांच्या समोर आले, दिसेल असे उभे राहिले, आणि त्यांनी वर पाहिल्यावर खाली बसले. भिंतीच्या खुंटीवरून एक मोठी पाटी काढली आणि लिहायला लागले.

लग्नानंतर काही वर्षांनी मोठा ताप आला आणि बाईंचे कान गेले, ते मला मास्तरांनी नंतर सांगितलं. तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. ती मास्तरांनी करून दिली. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं, की मास्तर भराभर पाटी भरत होते, बाई ओळीखाली बोट फिरवत वाचत होत्या, पाटी ओल्या फडक्यानं पुसली जात होती आणि पुन्हा भरत होती. फडकं पातेल्यात बुडवल्याचं मास्तर हातानं करून दाखवत होते. बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. सबंध आंबराई त्या पाटीवरून गेली. मी दारात उभा होतो आणि मला आत जाववत नव्हतं.

शेवटी बाईंनी पेन्सिल आपल्या हातात घेतली. बराच वेळ लावून एक ओळ लिहिली. मला ती दारातून वाचता आली: 'साहेबाचि चुक काडली तुमि भेव नाहि वाट्लं'.

मास्तरांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. एका अक्षरालाही हात लावला नाही. खाली जागा उरली होती तिथं त्यांनी लिहिलं, 'वाटलं. पण म्हटलं, मधीच सोडलं त घरी जाऊन तुले काय सांगू?'